सबनीस बाईंची कार्डं

सबनीस बाईंच्या घरी मी स्वयंपाकाला लागले त्या दिवशी त्यांनी पोळ्या किती करायच्या ते सांगितलं नाही. आधी हात धुवायला लावले. मी म्हटलं, धुतलेत. "परत धू. साबणाने, मनगटापर्यंत." मग माझे हात खिडकीशी नेऊन नखं बघितली. हळदीचा पिवळेपणा राहिला होता. "हा जात नाही वाटतं. असू दे. पण ओला हात घेऊन हॉलमध्ये यायचं नाही."

मला वाटलं, सोवळं असेल. पण घरात देव एकच, तोही कपाटावर, त्याच्या डोक्यावर धूळ. हात कागदांसाठी धुवायचे होते. हॉलमध्ये ना सोफा ना पलंग. एक लांब टेबल, आणि भिंतीला लावून बुटांचे रिकामे खोके, माणसाच्या उंचीच्या वर रचलेले. खोक्यांत कार्डं होती.

हे मुलुंडला, पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. गिरण्यांचा संप होऊन दोन वर्षं झाली होती. ह्यांची गिरणी पुन्हा सुरू झाली ती ह्यांना न घेता, म्हणून मी स्वयंपाकाची घरं धरली होती. बाईंचं घर चौथं.

बाई कॉलेजात इतिहास शिकवत असत. डोळ्यांत काचबिंदू निघाला तेव्हा नोकरी सोडली. लग्न केलं नव्हतं. वय पंचावन्नच्या आसपास, उंच, हाडकुळ्या. दुसऱ्या बायका कमरेला किल्ल्या खोचतात, ह्या भिंग खोचत. तांदूळ निवडलेत की नाही तेही भिंगातून बघत. चहाचा कप टेबलावर कधी नेला नाही. उठून स्वयंपाकघरात यायच्या, ओट्याशी उभ्या राहून प्यायच्या, पदराला हात पुसायच्या आणि परत जायच्या. मी माणसांपुढे बोलत नाही, चार माणसं बसली असली तर माझा आवाजच निघत नाही. बाईंना ते आवडलं असावं. त्यांच्या घरी बोलायची गरजच नव्हती.

एकदा मी किराणा संपल्याची यादी लिहून ठेवली. बाईंनी ती भिंगाखाली धरली.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"किती शिकलीस?"

"चौथी."

"चौथीला असं अक्षर? मग माझ्या एम.ए.च्या पोरींना काय झालं होतं?" हसल्या नाहीत. यादी घडी करून ठेवली आणि म्हणाल्या, "उद्यापासून एक तास जास्त थांब. स्वयंपाक नाही, लिहायचं."

काय लिहायचं ते त्यांनी एकदम सांगितलं नाही. मी कणीक मळत असताना दाराशी उभ्या राहून थोडं थोडं सांगत गेल्या. आफ्रिकेतून माणसं धरून जहाजात भरत आणि मोठा समुद्र ओलांडून अमेरिकेच्या बाजूला विकायला नेत. कित्येक पिढ्या हेच चाललं होतं. अशा एका जहाजाचे कागद बाई शोधत होत्या. विलायतेत जुने कागद जपून ठेवायच्या जागा आहेत, तिथून त्यांच्या झेरॉक्स खाकी पाकिटातून यायच्या. पंधरा वर्षं झाली होती ह्याला. कधी वर्षात एक पाकीट, कधी तेही नाही.

त्या जहाजाच्या तीन याद्या होत्या. कप्तानाची वही, माणसं चढवली तेव्हाची. डॉक्टरची वही, वाटेत कोण मेलं त्याची. आणि कारकुनाची यादी. जहाज शेवटाला इंग्रजांच्या लढाऊ बोटीने पकडलं आणि सगळ्यांना एका बंदरात उतरवलं. तिथे एका कारकुनाने एकेकाला समोर उभं करून नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा लिहून घेतल्या. ती यादी ओली होऊन फाटलेली, पानं इकडची तिकडे गेलेली. बाईंना सापडतील तशी ती जोडायची होती.

"चढवलेले, त्यातून मेलेले आणि उतरलेले काढले तर काय राहायला हवं?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही."

"मुलं राहतात," बाई म्हणाल्या. "मोठी माणसं बरोबर जुळतात. मुलं जुळत नाहीत. साठेक मुलं आहेत. मेली म्हणून लिहिलेली नाहीत, उतरली म्हणूनही नाहीत."

मी बराच वेळ पोळी लाटत राहिले. मग विचारलं, "समुद्रात टाकली असतील का, बाई?"

"कागदात नाही ते मी बोलणार नाही." आणि अर्धा चहा ओट्यावर ठेवून निघून गेल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडात कायम असायचं. पण त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला होता.

काम असं होतं. बाई झेरॉक्सवर भिंग धरून वाचायच्या, मराठीत सांगायच्या आणि मी कार्डावर लिहायचे. एका माणसाला एक कार्ड. कार्डाच्या चारी कडांना भोकं पाडलेली होती. प्रत्येक भोकाला अर्थ होता. बाई असेल तर वरचं तिसरं भोक कात्रीने कडेपर्यंत कापायचं. मूल असेल तर पाचवं. वाटेत मेलं असेल तर खालचं पहिलं. बंदरात उतरलं असेल तर वरच्या उजव्या कोपऱ्यातलं. मग गठ्ठा जुळवून स्वेटरची लांब सुई हव्या त्या भोकातून घालायची आणि उचलायची. ज्यांचं ते भोक कापलेलं ती कार्डं खाली पडतात, बाकीची सुईवर राहतात. बाईंना दिसेनासं होत चाललं होतं, पण पडलेली कार्डं त्या बोटांनी मोजू शकत होत्या.

डॉक्टरच्या वहीत नावं नव्हती. एक पुरुष, ताप. एक मुलगी, जुलाब. एवढंच.

"नावाच्या जागी काय लिहू?"

"काही नाही. जागा मोकळी ठेव. रेघ मारू नकोस."

कप्तानाच्या वहीत माणसांना नग म्हटलं होतं. वाचताना बाई तो शब्द गाळून पुढे जायच्या. एकदा मीच सहज म्हटलं, "आज किती नग झाले?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सुमन, आपल्या घरात तसं नाही म्हणायचं."

कारकुनाने उंची लिहिली होती ना, त्याची त्यांना फार ओढ. यादीत एखादी मुलगी आली की उठायच्या, पट्टी घ्यायच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारायच्या. "बघ. एवढीशी." असं करता करता चौकट खालपासून छातीपर्यंत रेघांनी भरली. एकदा सोसायटीच्या बायका हळदीकुंकवाचं सांगायला आल्या. त्यातल्या एकीने चौकटीकडे बघून विचारलं, "अय्या, भाचवंडं किती आहेत हो तुम्हाला?"

बाई म्हणाल्या, "पुष्कळ." आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या एका दिवशी मी गेले तर हॉलमधलं टेबल भिंतीला सारलेलं, आणि फरशीवर खडूने रेघा. लांब, एकमेकींना चिकटून, तिरड्या मांडल्यासारख्या. बाई हातात टेप घेऊन बसलेल्या.

"ह्यात झोप."

मी लाजले. "इथं?"

"दार लावलंय. झोप."

मी झोपले. दोन्ही खांदे रेघांना लागले. कुशीवर वळायला जागा नव्हती. बाई शेजारच्या रेघांत आडव्या झाल्या. त्यांचा दंड माझ्या दंडाला घासत होता. वर पंखा फिरत होता. "आता ह्या हॉलमध्ये किती मावतील, मोज," म्हणाल्या. मी मोजायला सुरुवात केली, इतक्यात कुलूप उघडलं. बाईंचे थोरले भाऊ, आप्पा, कांदिवलीला राहायचे आणि त्यांच्याकडे एक किल्ली असायची. आम्हां दोघींना फरशीवर बघून ते तिथंच उभे राहिले.

"कुसुम, काय चाललंय हे?"

"मोजतोय."

"आपल्या देशात दुःख कमी पडलं का गं तुला? तिकडचं मागवतेस ते?"

"दुःख नाही मागवलं. कागद मागवलेत," बाई झोपूनच म्हणाल्या. "चप्पल बाहेर काढ. रेघ पुसेल."

घरी हेही माझी चेष्टा करायचे. "काय गो, आज किती मेले तुझ्या बायकडे?" पण एकदा मी त्यांना सांगितलं की आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला जे कापड द्यायचे त्यातलं पुष्कळ आपल्या बाजूकडून जायचं, असं बाई सांगतात. हे कापडखात्यात वीस वर्षं होते. जेवायचे थांबले.

"कसला कापड?"

"निळं. जाडंभरडं."

"पन्हा किती?"

मला कुठं माहीत. ह्यांनी ताट तसंच सारलं आणि हात धुवून बाहेर जाऊन बसले. पुन्हा कधी त्यांनी मेलेल्यांवरून चेष्टा केली नाही.

आता माझ्या हातून जे झालं ते लिहिते.

आमच्या गावाकडे मयताचं पत्र येतं ते कोपरा फाडलेलं येतं. कोपरा नाही म्हटलं की वाचायच्या आधीच कळतं. वाचल्यावर ते घरात ठेवत नाहीत, फाडून टाकतात. माझी मोठी मुलगी सासूबाईंकडे गावाला होती. साडेचार वर्षांची. ताप आला आणि गेली. मला कळलं ते तसल्याच कार्डाने, तिसऱ्या दिवशी. मी तिला बघितलं नाही. कार्ड जिन्यात वाचलं, जिन्यातच फाडलं.

आणि इथे मी रोज मयताची कार्डं लिहीत होते, कोपरे चांगले चारी ठेवून, आणि खोक्यात भरून घरातल्या घरात रचत होते. पहिले काही दिवस मी घरी जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचे. मोठ्या माणसांचं सोसलं. पण एक मुलगी, ताप, असं लिहिलं त्या दिवशी माझ्याच्याने तसंच ठेववेना. बाई स्वयंपाकघरात चहा पीत होत्या. मी कार्डाचा वरचा उजवा कोपरा नखाएवढा फाडला. कोणीतरी बातमी घेतली, एवढंच मनात. मग मुलांची जेवढी मयताची कार्डं होती तेवढ्या सगळ्यांचा फाडला. तीस होती. कोपऱ्यातलं भोक त्याबरोबर उघडं झालं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पुढच्या साली युनिव्हर्सिटीत मोठी सभा भरणार होती, परदेशातून लोक येणार होते. बाईंना त्या मुलांबद्दल बोलायला बोलावलं होतं. त्यांचा उजवा डोळा तोवर गेला होता, डाव्याने खिडकी कुठे आहे एवढं कळायचं. सभेला महिना राहिला असताना एक पाकीट आलं. कारकुनाच्या यादीची राहिलेली पानं दुसऱ्याच कुठल्या गठ्ठ्यात सापडली होती. आप्पांनी चार दिवस येऊन ती वाचून दाखवली, बाईंनी मराठी केलं, मी कार्डं लिहिली. पाचव्या दिवशी बाईंनी सुई मागितली.

उतरलेली मुलं पाडली. मोजली. सगळी परत गठ्ठ्यात घातली. मेलेली मुलं पाडली. मोजली. कप्तानाच्या आकड्यातून दोन्ही वजा केली. पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. मी कोथिंबीर निवडत दाराशी बसले होते.

"सुमन," त्या म्हणाल्या, "मुलं सापडली."

"कुठे?"

"ह्या नव्या पानांत. उतरली होती ती. दोन राहतात फक्त. दोन म्हणजे लिहिणाऱ्याची चूक."

"बरं झालं की, बाई."

"हो. बरंच झालं." सुई दोन्ही हातांत आडवी धरून बसल्या होत्या. "इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की मुलं नाहीशी झाली. कागद अपुरे असताना सांगत आले."

त्या दिवशी जेवल्या नाहीत. आप्पांकडून पत्र लिहवून घेतलं, की माझं म्हणणं चुकलं होतं, मी ते मागे घेते, सभेला येत नाही. पत्र पेटीत मीच टाकलं.

आठवड्याने मी कार्डं नीट लावायला बसले. उतरलेल्यांना मागून निळी पेन्सिल लावून ठेव म्हणाल्या होत्या. मी सुईने पाडली आणि एकेक उलटत गेले. मध्येच एक कार्ड आलं. नावाची जागा मोकळी. मुलगी, ताप. कोपरा फाटलेला. मग दुसरं. मग मुलगा, जुलाब. ती मुलं उतरलेल्यांतही मोजली गेली होती आणि मेलेल्यांतही.

मी निळी पेन्सिल लावली नाही. कार्डं खोक्यात घातली आणि गप्प राहिले. दोन महिने गप्प राहिले. माणसाला भीड असते म्हणतात, माझी भीड एवढी होती. आणि खरं सांगायचं तर बाई मला सांगू देत नव्हत्या. पहिले दहा दिवस सोडले तर त्या बदलल्या होत्या. एकदा शिरा कर म्हणाल्या. गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागल्या. एका सकाळी मी आले तर चौकटीशी उभ्या, रेघांवर बोटं फिरवत. पेन्सिलीच्या रेघा बोटाला लागत नाहीत. मला म्हणाल्या, "सुरीने जरा खोल कर गं एकेक. मला कळू दे." मी सगळ्या रेघा सुरीने कोरल्या. त्या एकेकीवरून बोट नेत होत्या आणि म्हणत होत्या, "उतरली. ही पण उतरली."

मग सभेवाल्यांचं पत्र आलं. सभेचं पुस्तक निघणार होतं, आणि बाईंच्या पत्रावरून त्यात लिहिणार होते की ह्या जहाजावरचं एकही मूल नाहीसं झालं नव्हतं. आप्पा वाचून निघून गेले. बाई म्हणाल्या, "छापून येतंय ते बरं. म्हणजे आता कुणी शोधत बसायला नको."

ते ऐकल्यावर मला राहवेना. मी हात धुतले, मनगटापर्यंत. खोक्यातून ती तीस कार्डं काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "कोपरे बघा, बाई."

त्यांनी एकेक कोपरा चाचपला. तिसऱ्या-चौथ्यालाच त्यांना कळलं असणार, पण तीसही चाचपले.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कशासाठी?"

मी सांगितलं. मुलीचंही सांगितलं. ते त्या घरात कधी बोलले नव्हते. बाई रागावतील म्हणून मी दाराकडे सरकले होते. त्या रागावल्या नाहीत. खाली कुणीतरी गाद्या झोडपत होतं, तो आवाज येत राहिला.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ही तीस आणि ती दोन. बत्तीस."

"हो."

"मला आनंद व्हायला पाहिजे, नाही का गं?" आणि तोंडावर पदर घेतला. त्यांना रडताना मी तेवढंच एकदा बघितलं. कार्डं मात्र आधी माझ्या हातात दिली होती, ओली होऊ नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी आप्पांना बोलावून पत्र लिहवलं. चूक कशी झाली तेही सांगितलं, पण माझं नाव घातलं नाही, स्वतःकडून झाली असंच लिहवलं. उत्तर यायला दीड महिना लागला. पुस्तक छापून झालं होतं. पुढच्या वेळी सुधारू, असं होतं. पुढची वेळ आल्याचं मी ऐकलं नाही.

उत्तर आलं त्या दिवशी बाईंनी कोरी कार्डं मागितली. "बत्तीस मोज. मुलाचं भोक काप. दुसरं काही कापायचं नाही."

मी कापली. लिहायला काहीच नव्हतं. गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "कोपरा फाडू?"

"नको," बाई म्हणाल्या. "त्यांची बातमी आलेली नाही."

त्यानंतर वर्षाच्या आत आप्पांनी त्यांना कांदिवलीला नेलं. जागा विकली. घेणाऱ्यांनी चौकट बदलली असं खालच्या बायकांकडून कळलं. खोके कुठल्याशा कॉलेजला दिले. त्यांनी ते उघडले की नाही मला माहीत नाही.

मी एकदाच कांदिवलीला जाऊन आले. आप्पांच्या सुनेने मला आतल्या खोलीत नेलं. बाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. भिंग अजून कमरेला होतं, आता त्याचा उपयोग नव्हता. मी आवाज द्यायच्या आधी त्यांनी माझे हात हातात घेतले, बोटांनी नखं चाचपली. "ओले नाहीत ना?"

"नाहीत, बाई."

मग उशीखालून सुई आणि कोऱ्या कार्डांचा पातळसा गठ्ठा काढला, ठोकून कडा जुळवल्या, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या, उतरलेल्यांच्या भोकात सुई घातली. उचलली. हलवली. एकही कार्ड पडलं नाही. सुई काढून खालच्या पहिल्या, मेलेल्यांच्या भोकात घातली, उचलली, जरा जोरात हलवली. तरी नाही.

"आहेत ना गं सगळी?"

मी मोजली. "आहेत."

त्यांनी गठ्ठा पुन्हा ठोकून नीट केला आणि सुई परत कोपऱ्यातल्या भोकाकडे नेली.